नवशिक्याचें विमान

हल्लीं कित्येक सुशिक्षित घरांतून वडीलधाऱ्या मंडळींपुढें एक नवाच प्रश्न येऊन उभा राहतो. मूल बारा-चौदा वर्षांचें झालें, त्याला भौतिकशास्त्राची थोडी गोडी लागली, कीं तें दूरनियंत्रित विमानाचा हट्ट धरतें. हें विमान म्हणजे किल्ली दिली कीं फरशीवर धांवणारें खेळणें नव्हे. चार-पांच फूट पंखांचें, खऱ्या इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून उठणारें, आणि मैदानांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील पेटींतून बिनतारी लहरींनीं चालणारें असें तें लहानसें पण खरें विमान असतें. घरांत यावर लगेच तीन मतें पडतात. आजोबांना हा पैशांचा चुराडा वाटतो, काकांना यांत शास्त्राचें शिक्षण दिसतें, आणि आईच्या डोळ्यांपुढें मुलाचीं बोटें येतात. आमच्या मतें तिघांचेंही म्हणणें खरें आहे. म्हणूनच ही वस्तु घेण्यापूर्वीं तिचा नीट विचार झाला पाहिजे.

हा छंद कांहीं कालचा नव्हे. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं "गफ" नांवाचें विमान बिनतारी नियंत्रणानें उडविलें. तें आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या मालकीचें आहे. त्या काळीं नियंत्रणाची सामग्रीही स्वतःच्या हातांनीं बनवावी लागे. आतां सर्व कांहीं विकत मिळतें, आणि त्यामुळेंच निवडीची अडचण उत्पन्न झाली आहे. पेटीवरील रंगीत चित्र पाहून जो विमान घेतो तो बहुधा फसतो.

फसण्याचा प्रकार असा. आमच्या परिचयाच्या एका घरीं परदेशांतून सुटीवर आलेल्या मामांनीं भाच्यासाठीं दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानाची प्रतिकृति आणली. देखणी वस्तु! टोंकदार नाक, खालच्या बाजूस बसविलेले निमुळते पंख, शेपटीखालीं एवढेंसें चाक. मुलानें परीक्षा संपल्यावर दोन महिने खपून ती जुळविली. सारें घर, आजीसुद्धां, गांवाबाहेरच्या माळावर पाहावयास गेलें. विमान उठलें, एका पंखावर कललें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों जमिनींत रुतलें. मुलगा रडला नाहीं. त्यानें तुकडे पिशवींत भरले आणि ती पिशवी माळ्यावर ठेवून दिली. पुढें कित्येक वर्षें त्यानें कोणत्याच हत्यारास हात लावला नाहीं. पैसे गेले ते गेलेच, पण हाताचा विश्वास गेला, आणि आमच्या दृष्टीनें ती हानि मोठी. त्या मुलाचा दोष काय होता? अक्षरओळख व्हावयाच्या आधीं त्याच्या हातीं "रघुवंश" दिला गेला, इतकेंच.

विमान शिकणाऱ्यासाठीं म्हणून जें विमान आंखलेलें असतें त्यास या छंदाचे लोक "ट्रेनर" म्हणतात. तें दिसावयास साधें, चौकोनी डब्यासारखें असतें, आणि मुलें त्याकडे नाक मुरडतात. पण त्याच्या प्रत्येक साधेपणास कारण आहे. त्याचा पंख शरीराच्या वर बसविलेला असतो, त्यामुळें सारें वजन पंखाखालीं लोंबतें आणि विमानाची स्वाभाविक वृत्ति सरळ राहण्याची होते. पंखाचे दोन्ही अर्ध मध्यापासून टोंकांकडे किंचित् वर उचललेले असतात. वाऱ्यानें विमान एका बाजूस कललें कीं तें त्या बाजूस घसरूं लागतें, खालच्या पंखास वारा अधिक कोनानें लागतो, तो अधिक उचलतो आणि विमान आपोआप सांवरतें. पंखाचा छेद पाहिला तर खालची बाजू सपाट आणि वरची फुगीर असते. असा पंख मंद गतींतही चांगला उचलतो. यांचा एकत्रित परिणाम असा कीं, गोंधळलेल्या मुलानें पेटीवरील दांड्या सोडून दिल्या तर उंचीवर असलेलें चांगलें ट्रेनर बहुधा स्वतःच सांवरतें. लढाऊ विमानाची घडण याच्या उलट असते. तें जसें वळवाल तसें वळलेलेंच राहतें, कारण चपळाई हाच त्याचा गुण.

याहूनही महत्त्वाचा एक हिशेब आहे, आणि तो पांचवींतल्या मुलासही करतां येईल. विमानाच्या एकूण वजनास पंखाच्या क्षेत्रफळानें भागावें. उदाहरणार्थ, अमेरिकेंतील सिग कंपनीच्या "कॅडेट एलटी-४०" या नांवाजलेल्या ट्रेनरचा पंख ७० इंच लांब असून त्याचें क्षेत्रफळ ९०० चौरस इंच, म्हणजे सव्वासहा चौरस फूट आहे. तें सर्व सामग्रीसह सहा पौंडांचें, म्हणजे ९६ औंसांचें झालें, तर दर चौरस फुटास सुमारें १५ औंसांचा भार पडतो. आतां त्याच सहा पौंडांचें, परंतु ५०० चौरस इंच पंखाचें लढाऊ विमान घ्या. तेथें भार जवळजवळ २८ औंसांवर जातो. विमान हवेंत तरंगण्यास जी किमान गति लागते ती या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे दुसरें विमान पहिल्यापेक्षां सुमारें एकतृतीयांशानें अधिक वेगानें उतरवावें लागेल. ज्या मुलास अजून "आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा डावा हात कोणता" हेंच उमगत नाहीं, त्याच्या विचारास मिळणारा वेळ तितकाच कमी होतो. आमचें सांगणें असें कीं, पेटीवर किंवा माहितीपत्रकांत वजन आणि क्षेत्रफळ हे दोन आंकडे पाहावेत, भागाकार करावा, आणि उत्तर २० औंसांच्या पलीकडे गेल्यास ती पेटी दुकानदारास परत द्यावी. हा भागाकार मुलाकडूनच करवून घ्यावा. आजोबांनीं नकार दिला तर तो जुलूम ठरतो. आंकड्यांनीं दिला तर मुलगा मुकाट्यानें मान्य करतो.

चाकांविषयीं थोडें. एक चाक नाकाखालीं व दोन पंखाखालीं, अशी तीन चाकांची रचना नवशिक्यास सोयीची. विमान धांवतांना सरळ राहतें. शेपटीखालीं चाक असलेलें विमान धांवतां धांवतां गर्रकन् फिरावयास पाहतें. मात्र आपल्याकडील माळ खडबडीत असतात, तेव्हां पेटींतील लहान चाकें काढून थोडीं मोठीं घालावींत, नाहींतर नाकाखालची तार दर खेपेस वांकेल.

पंख शरीरास कसा बांधलेला आहे हेंही पाहावें. पहिल्या विमानाचा पंख रबरी पट्ट्यांनीं बांधलेला असावा, स्क्रूंनीं आंवळलेला नसावा. दहा-बारा पट्ट्या आडव्या-उभ्या घातल्या कीं उड्डाणांत पंख जागचा हलत नाहीं. पण विमान आपटलें तर पट्ट्या निसटून पंख सुटा होतो आणि मोडतोड थोडक्यांत निभावते. इंजिनाच्या तेलानें त्या पट्ट्या सैल पडतात. घरीं आल्यावर धुऊन, टाल्कम पावडर लावून ठेवाव्या. हें काम लहान भावंडाकडे द्यावें. त्यास आपणही या उद्योगांत आहों असें वाटतें.

आतां तयार विमान घ्यावें कीं किट आणून घरीं बांधावें? तयार विमानें दोन-चार संध्याकाळींत जुळवून होतात; किटाला दोन-तीन महिने लागतात. घाईच्या दिवसांत लोक पहिल्याकडे वळले तर नवल नाहीं. तरी ज्या घरांत एखादी रिकामी खोली, एक सपाट फळी आणि थोडी सहनशीलता आहे, त्या घरानें किटच आणावें असें आमचें स्पष्ट मत आहे. कारण असें कीं, पहिलें विमान मोडतेंच. ज्यानें तें स्वतः बांधलें त्याला कोणती पट्टी कोठें होती हें ठाऊक असतें. तो रात्रीं बसून जोडतो आणि पुढल्या रविवारीं पुन्हां माळावर जातो. ज्यानें तयार आणलें त्याला मोडलेलें विमान म्हणजे केवळ कचरा.

किटांतील मुख्य लांकूड बाल्सा. हें झाड दक्षिण अमेरिकेंतील. इक्वेडोर देशांतून त्याचा मोठा पुरवठा होतो. लांकूड इतकें हलकें कीं प्रथम हातांत घेणाऱ्यास कोणी थट्टा करीत आहे असें वाटतें. परंतु एकाच पेटींतील दोन पट्ट्यांच्या वजनांतही फरक असतो. म्हणून बांधावयास बसण्यापूर्वीं घरांतील लहान तराजूवर पट्ट्या तोलाव्या, जड त्या नाकाकडे आणि हलक्या त्या शेपटीकडे वापराव्या. शेपटीकडील एक औंस वजनाचा तोल सांवरण्यास नाकांत दोन-तीन औंस शिसें घालावें लागतें, हें एकदां मुलाच्या ध्यानांत आलें कीं तरफेचा नियम त्यास वेगळा शिकवावा लागत नाहीं. नकाशा फळीवर पसरून त्यावर पातळ प्लास्टिक घालावें, नाहींतर विमान नकाशालाच चिकटून बसेल. फळी खरोखर सपाट आहे ना हें आधीं पाहून घ्यावें. वांकड्या फळीवर वांकडाच पंख होतो, आणि पिळवटलेला पंख कोणत्याही कौशल्यानें सरळ उडत नाहीं. इंजिन ज्या जाड फळीवर बसतें ती, आणि पंखाचे दोन अर्ध जोडणारी मधली पट्टी, या दोन ठिकाणीं सावकाश घट्ट होणारें इपॉक्सीच वापरावें. तेथें झटपट चिकटणाऱ्या द्रवाचा मोह धरूं नये. नकाशांत इंजिन किंचित् उजवीकडे व खालीं झुकलेलें दाखविलेलें असतें. पुष्कळ मुलांना ती छपाईची चूक वाटते आणि तीं प्रेमानें तें "सरळ" करून टाकतात. तसें करूं नये. प्रॉपेलरच्या फिरण्यानें विमान डावीकडे ओढलें जातें, त्यावरचा तो उतारा आहे.

तोलाचा बिंदु हा सर्वांत नाजूक भाग. पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर, पंखाखालीं दोन बोटें ठेवून उचललें असतां, विमान समतोल राहिलें पाहिजे. ज्यांनीं लहानपणीं संक्रांतीस पतंग उडविले त्यांना हें सांगणें नकोच. दोऱ्याची गांठ जरा खालींवर झाली कीं पतंग एकतर वर चढत नाहीं नाहींतर गोते खात सुटतो. विमान थोडें नाकाकडे जड झालें तर चालतें, फक्त आळशी होतें. शेपटीकडे जड झालें तर तें कोणाच्याही हातांत राहत नाहीं.

येथें एक अवांतर गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. विमानाचें नांव निघालें कीं कित्येक घरांतून "आपल्या ऋषींना हें सर्व ठाऊक होतें" असें म्हणून "वैमानिकशास्त्र" नामक संस्कृत ग्रंथाचा दाखला दिला जातो. आमचें आयुष्य संस्कृताच्या पायांशीं गेलें, म्हणूनच हें सांगण्याचा अधिकार घेतों कीं तो ग्रंथ प्राचीन नव्हे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्याची छाननी केली, तेव्हां तो १९०४ पूर्वींचा असूं शकत नाहीं आणि त्यांतील आकृतींप्रमाणें बांधलेलें यंत्र उडूं शकत नाहीं, असाच निष्कर्ष निघाला. अभिमानच बाळगावयाचा तर जवळचें उदाहरण आहे. मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत कॅप्टन अमोल यादव यांनीं घराच्या गच्चीवर सहा आसनांचें खरें विमान बांधलें. तें २०१६ सालीं वांद्रे-कुर्ला संकुलांतील "मेक इन इंडिया" प्रदर्शनांत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. असो.

किटांच्या नांवांविषयीं विचाराल तर वर सांगितलेलें "कॅडेट" घराणें आम्हांस सर्वांत पसंत, कारण पंख मोठा, वजन कमी, उड्डाण मंद. "ग्रेट प्लेन्स"च्या "पीटी-४०" या साठ इंची ट्रेनरवर एक सबंध पिढी शिकली. परंतु त्या कंपनीची मालक हॉबिको ही २०१८ च्या जानेवारींत दिवाळखोरींत गेली, आणि हें किट आतां जुन्या छांदिष्टांच्या माळ्यावरच आढळावयाचें. असें न उघडलेलें जुनें किट मिळालें तर घेण्यास हरकत नाहीं. बाल्सा कोरड्या जागीं ठेवलेला असला तर खराब होत नाहीं. वाळवी आणि ओल एवढें मात्र पाहून घ्यावें.

नांवांतील "४०" हा आंकडा इंजिनाचा. तो घन इंचाचे शतांश दाखवितो. म्हणजे .४० घन इंच, साडेसहा घन सेंटिमीटर; .४६ म्हणजे साडेसात. हीं दोन धक्क्यांचीं इंजिनें "ग्लो" जातीचीं असतात. यांत मोटारसायकलप्रमाणें सतत ठिणगी टाकणारी विद्युत् योजना नसते. प्लगमध्यें प्लॅटिनमयुक्त तारेचें बारीक वेटोळें असतें. आरंभीं दीड व्होल्टाच्या घटानें तें लाल करावें लागतें, मग घट काढून घेतला तरी मेथॅनॉलच्या वाफेशीं होणाऱ्या क्रियेनें व आंतील उष्णतेनें तें लालच राहतें. अमेरिकेंतील रे आर्डेन यांनीं १९४७ च्या सुमारास हा प्लग बाजारांत आणला आणि जड गुंडाळ्या व बॅटऱ्या विमानांतून उतरल्या.

.४० घ्यावें कीं .४६? बाहेरून दोन्ही बहुधा सारखींच असतात, वजनांत थोडकाच फरक, एकाच जागीं बसतात, पण शक्तींत फरक स्पष्ट जाणवतो. दुसरा भेद आंसाचा. स्वस्त इंजिनांत दांडा साध्या पितळी बुशांत फिरतो, महागांत बॉल बेअरिंगांत. ओसाका येथें १९३६ पासून चालत आलेल्या जपानी ओ. एस. कंपनीचें "४० एलए" हें पहिल्या जातीचें, "४६ एएक्स" हें दुसऱ्या जातीचें. हलक्या ट्रेनरला बुशाचें ४० पुरे होतें. तें साधें, सुरू करण्यास सोपें, आणि दोन दिवस तेल न घालतां पडून राहिलें तरी फारसें गंजत नाहीं. बॉल बेअरिंगांस मात्र मेथॅनॉलनें ओढून घेतलेल्या ओलाव्याची भीति असते. दर संध्याकाळीं उरलेलें इंधन जाळून टाकून आंत तेलाचे थेंब सोडावे लागतात. कोंकणांत पावसाळ्यांत तर हें चुकतांच कामा नये. मूल पद्धतशीर असेल आणि पुढें दुसरें विमान बांधील असा भरंवसा वाटत असेल, तर .४६ घ्यावें; तें इंजिन त्या दुसऱ्या विमानासही उपयोगीं पडेल. भरंवसा नसेल तर .४० च बरें. याहून मोठें इंजिन ट्रेनरवर घालण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. वजन वाढतें आणि वर काढलेला सगळा भागाकार फुकट जातो.

नव्या इंजिनास आरंभीं हळूहळू चालवून रुळवावें लागतें. पूर्वींच्या लोखंडी दट्ट्याच्या इंजिनांना कित्येक टाक्या भरून भिजट मिश्रणावर चालवीत. हल्लींच्या इंजिनांत पितळेच्या नळीवर क्रोम किंवा निकेल चढविलेलें असून ती वरच्या टोंकास किंचित् निमुळती असते. थंड असतांना दट्ट्या तेथें आवळल्यासारखा वाटतो आणि तापल्यावर बरोबर बसतो. अशा इंजिनास फार वेळ थंड व भिजट चालविणें अपायकारक. दोन-तीन मिनिटें चालवावें, पुरतें निवूं द्यावें, पुन्हां चालवावें, असें करीत एक-दोन टाक्यांत तें तयार होतें. मग इंधनाचा कांटा हळूहळू आंवळून पूर्ण वेग आला कीं थोडा परत सोडावा, आणि मोठ्या माणसानें विमान मागून घट्ट धरून नाक आकाशाकडे करावें. आवाज किंचित् चढला तर कांटा बरोबर. आवाज बसूं लागला तर कांटा आणखी सोडावा. कानाची ही परीक्षा घड्याळाच्या कांट्याहून खरी.

बोटांची गोष्ट आईनें काढली होती. १० इंच व्यासाचा प्रॉपेलर मिनिटास ११,००० फेरे घेतो, तेव्हां त्याच्या टोंकाचा वेग ताशीं ५०० किलोमीटरांच्या वर जातो. फिरतांना तो दिसत नाहीं, केवळ धुक्याची थाळी दिसते. म्हणून बोटानें प्रॉपेलर फिरवून इंजिन सुरू करावयाचें नाहीं. जाड रबर गुंडाळलेली काठी किंवा विजेचा स्टार्टर वापरावा. सुरू झाल्यावर थाळीच्या पुढून आणि बाजूनें सर्वांनीं दूर व्हावें, आणि कांटा फिरविणाऱ्यानें मागून हात घालावा. गळ्यांतील मफलर, सैल बाह्या, मुलींची ओढणी, लोंबती किल्लीची दोरी हीं माळावर नकोतच.

परंतु प्रॉपेलरपेक्षांही आम्हांस घरांतील इंधनाच्या डब्याची भीति अधिक वाटते. या इंधनांत मुख्य भाग मेथॅनॉलचा, सुमारें पंचमांश तेल, आणि विकतच्या तयार मिश्रणांत थोडें नायट्रोमिथेन असतें. शिकाऊ इंजिन नायट्रोमिथेनावांचूनही चालतें. ऐंशी भाग मेथॅनॉल व वीस भाग एरंडेल हें जुनें मिश्रण जगभर ओळखीचें आहे, आणि एरंडेलास आपल्या देशांत तोटा नाहीं. पण मेथॅनॉल हें पाण्यासारखें स्वच्छ दिसणारें विष आहे. थोडेंसें पोटांत गेलें तरी दृष्टि जाते, किंचित् अधिक गेलें तर जीव जातो. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें ज्या विषारी दारूनें शंभरावर माणसें दगावलीं, तिच्यांत हेंच होतें. एकत्र कुटुंबांत रांगतीं मुलें असतात, उन्हाळ्यांत जी बाटली हातीं लागेल ती तोंडास लावणारीं भाचरें असतात, आणि अंधुक दिसणारे म्हातारेही असतात. म्हणून हें इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कदापि ओतूं नये. मूळ डब्यांत, ठळक अक्षरांत "विष" लिहून, कुलपांत, आणि स्वयंपाकघर व देवघर यांपासून दूर ठेवावें. समईची ज्योत आणि मेथॅनॉल एका छपराखालीं जवळजवळ असूं नयेत. त्याची ज्वाला दिवसाउजेडीं डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं, त्यामुळें पेट घेतलेला कळतच नाहीं. ज्या घरांत कुलपाची शिस्त पाळली जाणार नाहीं, त्यांनीं या इंजिनाच्या वाटेस जाऊं नये. हें आम्ही निक्षून सांगतों.

त्यांच्यासाठीं दुसरी वाट आहे, आणि खरें पाहतां आजचे बहुतेक नवशिके तिनेंच जातात. विजेची मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी. तेल नाहीं, धूर नाहीं, आवाज थोडा. फोमचीं तयार विमानें मिळतात, त्यांतील कांहींत लहानसा जायरो असून मूल घाबरलें कीं तो विमान सरळ करतो. शहराजवळच्या मैदानावर, शेजाऱ्यांच्या कुरकुरीचा विचार केला, तर हाच मार्ग बरा. बाल्साच्या किटावरही मोटर बसवितां येते; बांधण्याचें शिक्षण त्यानें हुकत नाहीं. परंतु बॅटरीही निरुपद्रवी नव्हे. दर घटास ४.२ व्होल्टांच्या वर भरली, आपटून फुगली, किंवा भलत्या चार्जरनें भरली, तर ती भडकते आणि ती आग सहजीं विझत नाहीं. भरतांना कोणीतरी जवळ बसलें पाहिजे. रात्रीं लावून झोंपणें म्हणजे मोबाईलच्या संवयीनें घर जाळणें होय. भरण्याची जागा मातीच्या कुंडींत किंवा फरशीवर, पडद्यांपासून दूर असावी. बऱ्याच दिवसांत उडवावयाचें नसेल तर दर घट ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवावा.

नियंत्रणाच्या पेटीविषयीं फार लिहीत नाहीं. पूर्वीं अमेरिकेंत ७२ आणि इंग्लंडांत ३५ मेगाहर्ट्झ लहरींवर पेट्या चालत, आणि एकाच मैदानावर दोघांची लहर एक झाली तर एकाचें विमान हटकून पडे. आतां २.४ गिगाहर्ट्झच्या पेट्या आपलें विमान आपणच ओळखतात. चार मार्गांची पेटी पुरे: पंखाचे पडदे, उंचीचा पडदा, दिशेचा पडदा आणि इंजिन. खरेदीपूर्वीं एकच गोष्ट विचारावी. जो शिकविणार आहे त्याच्या पेटींत इंजिनाची दांडी डावीकडे आहे कीं उजवीकडे? त्याचीच रीत घ्यावी. पुढें हात बदलणें म्हणजे मोडी शिकलेल्यास एकदम उर्दू वाचावयास बसविण्यासारखें आहे. विमान, इंजिन आणि पेटी हीं तिन्ही घेण्यापूर्वीं हा शिकविणारा शोधावा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत विमानांच्या प्रतिकृति बांधण्याचें व उडविण्याचें शिक्षण असतें. तेथून बाहेर पडलेला एखादा अनुभवी तरुण बहुतेक गांवांत सांपडतो. गुरुशिष्यांच्या दोन पेट्या जोडतां येतात, आणि शिष्य चुकला कीं गुरु एक कळ सोडून विमान आपल्या हातीं घेतो. मैदानावर जाण्यापूर्वीं महिनाभर रोज अर्धा तास संगणकावरील उड्डाणाच्या आभासी सरावास बसावें. विमान आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें कीं डावें-उजवें उलटतें. तेव्हां जो पंख खालीं गेला असेल त्याच्याच बाजूस दांडी ढकलावी, म्हणजे तो उचलला जातो. ही खूण हातांत मुरावयास शंभर चुका लागतात, आणि संगणकावर त्या फुकट करतां येतात.

जागेचा प्रश्न मात्र वडील माणसानेंच सोडवावयाचा. "ड्रोन नियम, २०२१" यांत पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षण किंवा मनोरंजनासाठीं नजरेच्या टप्प्यांत उडविल्या जाणाऱ्या विमानांची स्वतंत्र गणना आहे. त्याच नियमांप्रमाणें आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग आहेत. हिरव्यांत ४०० फुटांपर्यंत, आणि कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत २०० फुटांपर्यंत उडवितां येतें. लाल-पिवळ्यांत परवानगीवांचून नाहीं. पुण्याच्या मंडळींनीं लोहगांवच्या हवाईदलाच्या तळाची, आणि मुंबईकरांनीं सांताक्रूझ व जुहू यांची आठवण ठेवून मगच माळ शोधावा. शेत कापणी झालेलें असलें तरी मालकास विचारावें. विजेच्या तारा, रस्ता आणि गुरें जवळ नसावींत. सहा पौंडांची वस्तु ताशीं ६० किलोमीटर वेगानें एखाद्यास लागली तर काय होईल हें सांगावयास नको.

पहिल्या दिवशीं शक्य तों सकाळीं सातच्या आंत पोंचावें, त्या वेळीं वारा पडलेला असतो. पाहुण्यांस बोलावूं नये. पंखावरील रबरी पट्ट्या मोजाव्या. पेटी आणि विमान तीस पावलांवर ठेवून, पेटींतील अंतर-परीक्षेची कळ दाबून, सर्व पडदे हलतात ना पाहावें. मग विमानाच्या मागें उभें राहून दांडी उजवीकडे करावी: उजव्या पंखाचा पडदा वर गेला पाहिजे आणि डाव्याचा खालीं. हें मुलानें मोठ्यानें म्हणावें आणि दुसऱ्या कोणी डोळ्यांनीं ताडून पाहावें. जोडतांना तारा उलट लागणें ही नव्या विमानाची नेहमींची खोड आहे. मग इंजिन सुरू करावें, नाक वर धरून आवाज ऐकावा, आणि पेटी शिकविणाऱ्याच्या हातीं द्यावी. त्यानें विमान वर नेऊन, दांड्या सोडूनही तें सरळ चालतें असें करून दिलें, कीं मग ती दांडी मुलानें धरावयाची.